ताणांक

"जुईला खाली ठेव."

फोन कानाला लावताच यशराजचा आवाज आला. हॅलो नाही, काही नाही.

समृद्धी सोसायटीच्या फाटकाशी उभी होती. चार वर्षांची जुई तिच्या कडेवर होती. सायकलवरून पडल्यामुळे तिचा गुडघा सोलवटला होता आणि ती आईच्या खांद्यात तोंड खुपसून हुंदके देत होती.

"पडलीये ती, यश. रक्त आलंय."

"मान्य आहे. पण तुझा ताणांक किती वर गेलाय बघ. आधी तिला खाली ठेव, मग बोल."

समृद्धीनं जुईला खाली ठेवलं. जुईनं पुन्हा हात वर केले. समृद्धी तिच्याशेजारी फरशीवर बसली आणि तिच्या गुडघ्यावर फुंकर घालू लागली. फोनमधून यशराज म्हणाला, "हं, आता उतरतोय."

यशराज मोहिते कराडच्या पाणीपुरवठा विभागात नियंत्रण कक्षात काम करायचा. शहरातल्या टाक्यांची पातळी, नळांमधला दाब, कुठली झडप उघडी आणि कुठली बंद, सगळं समोरच्या भिंतीवर दिसायचं. गेले काही महिने त्याच्या खिशातल्या फोनवर आणखी एक रेघ हलत होती. ती त्याच्या बायकोच्या गर्भाशयावरच्या जुन्या टाक्यांची होती.

समृद्धीला आठवा महिना लागला होता. पोटाच्या खालच्या बाजूला ती एक मऊ, रुंद पट्टा बांधायची. जुईच्या वेळी तिचं सिझेरियन झालं होतं. गर्भाशयावर त्या वेळी दिलेली चीर भरून येते, पण तिथला भाग रफू केलेल्या कापडासारखा असतो. बहुतेक वेळा तो पुढच्या बाळंतपणात छान टिकतो. नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या दोनशे बायकांत एखादीचा मात्र कळा चालू असताना उसवतो, आणि तसं झालं तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. ती एखादी कोण, हे पूर्वी कुणालाच आधी सांगता येत नसे. त्यामुळे कित्येक डॉक्टर आणि कित्येक कुटुंबं सरळ दुसरं सिझेरियन ठरवून मोकळी होत.

पट्ट्यानं हे चित्र बदललं. त्यातून न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी आत जात. घट्ट ऊतीतून लहर एका वेगानं जाते आणि ताणून पातळ झालेल्या ऊतीतून वेगळ्या वेगानं. त्या फरकावरून व्रणाची जाडी आणि त्यावरचा ताण सतत मोजता येई. तसाच व्रण असलेल्या असंख्य बायकांच्या नोंदींशी तुलना करून पट्टा शेवटी एक आकडा देई. त्याला ताणांक म्हणत. चाळीसपर्यंत हिरवा, सत्तरपर्यंत पिवळा आणि त्यापुढे लाल. पट्टा आल्यावर सरकारनं नियमही केला: आधीचं सिझेरियन असलेल्या प्रत्येक बाईनं आपला प्रसूतीचा आराखडा स्वतः लिहायचा, आणि रुग्णालयानं त्यावर तिच्याशी बोलून सही करायची.

समृद्धीनं तो अजून लिहिला नव्हता. मनात मात्र ती तो जुई झाल्यापासून लिहीत होती.

*

जुईच्या वेळी कळा सुरू झाल्या होत्या, सगळं ठीक चाललं होतं, आणि एकाएकी बाळाचे ठोके घसरले. नाळ दबली होती. कुणीतरी पलंग ढकलत नेला, छतावरचे दिवे सरकत गेले. पाठीत सुई द्यायलाही वेळ नव्हता. तोंडावर मास्क आला, आणि पुढचं तिला काही माहीत नाही.

शुद्धीवर आली तेव्हा पोट रिकामं होतं आणि शेजारी पाळणा नव्हता. बाळाला श्वासाचा त्रास होता म्हणून दुसऱ्या रुग्णालयात नेलं होतं. यशराजनं फोनवर फोटो दाखवला. नळ्या लावलेलं, डोळे मिटलेलं एक लाल बाळ. "आपली मुलगी," तो म्हणाला. तिनं मान हलवली. फोटोतलं बाळ कुणाचंही असू शकलं असतं.

जुई बरी झाली, घरी आली, दूध प्यायली, गुटगुटीत झाली. समृद्धीनं तिच्यावर जीव ओवाळून टाकला. ती एसटीची चालक होती, कराड ते कोयनानगर विजेची बस चालवायची. घाटातलं वळण संपून समोर मोकळा रस्ता आला की तिच्या मनात तेच यायचं. ती आली तेव्हा मी नव्हते. सगळे होते. कोण कुठल्या नर्स, कोण डॉक्टर, सगळ्यांनी तिला आधी पाहिलं. तिचा पहिला आवाज कसा होता, हे मला कळलंच नाही.

यशराजला तिनं दोन-तीनदा विचारलं होतं. तो म्हणायचा, "झालं गेलं, कशाला उकरायचं? दोघी सुखरूप आहात ना." आणि उठून काहीतरी कामाला लागायचा.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती डॉक्टर नसीम मुजावर यांच्याकडे गेली आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाली, "मॅडम, या वेळी मला जागं राहायचंय. बाळ माझं मला बाहेर आणायचंय."

डॉक्टरांनी जुने कागद पाहिले. "मागच्या वेळी नाळेमुळे झालं. ते पुन्हा होईलच असं नाही. चीरही आडवी आणि खालच्या बाजूला आहे, म्हणजे चांगली. तू प्रयत्न करू शकतेस. जमेलच असा शब्द मात्र मी देणार नाही."

"शब्द नकोच. प्रयत्न करू द्या."

यशराज शेजारी बसला होता. त्यानं एकच विचारलं, "तो पट्टा कधीपासून लावायचा?"

*

सुरुवातीला पट्टा दोघांनाही आवडला. रात्रीच्या जेवणानंतर दोघं सोफ्यावर बसून ती हिरवी रेघ बघायची. बाळानं लाथ मारली की रेघ जराशी हले, आणि यशराज हसे.

मग घरात हळूहळू नियम आले. बादली उचलायची नाही. वरच्या फडताळाला हात लावायचा नाही. जिने सावकाश. यातलं काही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. यशराजनं रेघ बघून बघून ठरवलं होतं. शेवटचा नियम होता: जुईला उचलायचं नाही.

"शिंकलं तरी आकडा वाढतो," समृद्धी म्हणाली. "आता शिंकूही नको का?"

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही रे. लेकरू हात वर करतं आणि मी मागं सरकते. कसं वाटत असेल तिला?"

"काही महिन्यांचा प्रश्न आहे. नंतर हवं तेवढं उचल."

जुईनं मात्र वाद घातला नाही. तिनं हात वर करणंच सोडून दिलं. एका दुपारी समृद्धी कपडे वाळत घालून आत आली, तर जुई हॉलमध्ये बाहुलीशी खेळत होती. बाहुलीच्या पोटाला तिनं केसांची रिबीन गुंडाळली होती. दुसरी, लहान बाहुली खाली पालथी पडली होती.

"ती छोटी रडतीये का गं?" समृद्धीनं विचारलं.

"हो. पण तिला घ्यायचं नाही. आकडा वाढतो." जुईनं मोठ्या बाहुलीला थोडं दूर सरकवलं. "ती आपोआप गप्प होईल."

समृद्धी दारातच उभी राहिली. जुईचा पहिला क्षण हुकला म्हणून इतकी वर्षं ती झुरत होती, आणि आज, डोळे उघडे असताना, तिचे कितीतरी क्षण आपल्या हातानं दूर सारत होती. तिनं पोटावरचा पट्टा सोडला आणि टेबलावर ठेवला.

"चल, संगमावर जाऊ."

"चालत?"

"रिक्षानं. आणि तिथं कडेवर."

कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात त्या घाटावर संध्याकाळची गर्दी व्हायला अजून वेळ होता. समृद्धीनं जुईला उचललं. जुई आधी ताठ राहिली. मग तिनं आईच्या गळ्याला हात घातले आणि पाय घट्ट आवळले. जड झाली होती पोरगी. समृद्धी एका पायरीवर बसली आणि तिला पोटाच्या बाजूला, मांडीवर तशीच धरून राहिली. जुईच्या केसांना ऊन आणि खोबरेल तेल यांचा मिसळलेला वास येत होता. दोघी नदीकडे बघत बसल्या.

यशराज पायऱ्या उतरत धावत आला तेव्हा त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. फोन अजून हातातच होता.

"रेघ गेली. एकदम गेली! घरी आलो तर घर बंद. शेजारी म्हणाले, संगमाकडे गेली. तुला कल्पना आहे मला काय वाटलं?"

"पट्टा काढून ठेवलाय."

"काढून? का?"

"मला माझ्या मुलीला घ्यायचं होतं."

"आणि काही झालं असतं म्हणजे?" त्याचा आवाज चढला. जुईनं मान वळवून बापाकडे पाहिलं, तसा त्यानं आवाज खाली आणला. "समू, तुला हे सगळं हवंय. ते जागं राहणं, ते स्वतः बाळ आणणं. तुला हवंय म्हणून मी हो म्हटलं. पण तू त्या दिवशी झोपलेली होतीस. मी जागा होतो."

समृद्धी वाट बघत राहिली. त्यानं पुढे काही सांगितलं नाही. खालच्या पायरीवर बसून त्यानं चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले. बऱ्याच वेळानं जुई उतरून त्याच्या शेजारी जाऊन बसली.

*

आराखडा लिहायला दोघं डॉक्टर मुजावर यांच्याकडे गेले. पडद्यावर कोरं पान होतं. समृद्धी बोलत होती आणि शब्द उमटत होते. कळा आपोआप सुरू व्हाव्यात. मला फिरू द्यावं, पलंगाला बांधून ठेवू नये. बाळाचे ठोके सतत बघावेत, त्याला माझी ना नाही. बाळ बाहेर आलं की आधी माझ्या छातीवर. नाळ लगेच कापू नये.

"दुसरं पान," डॉक्टर म्हणाल्या. "सिझेरियन करावं लागलं तर?"

समृद्धीनं पडद्यावरच्या कोऱ्या पानाकडे पाहिलं. "ते नाही लिहिलं तर?"

"तर तेव्हा आम्ही ठरवू, घाईत. तू आत्ता लिहिलंस तर तुझ्या मनासारखं जेवढं करता येईल तेवढं करू. ते पान लिहिलं म्हणजे तू हार मानलीस असं नाही."

तिनं लिहिलं. शक्यतो पाठीत सुई द्यावी, मला जागं ठेवावं. मधला पडदा बाळ निघताना खाली करावा. बाळ मला दाखवल्याशिवाय कुठे नेऊ नये. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फाटला. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि ती पिईपर्यंत थांबल्या.

"आणखी एक," समृद्धी म्हणाली. "ताणांक फक्त तुम्हाला दिसावा. मला नको. आणि यशलाही नको."

यशराज खुर्चीत सरळ झाला. "हे चालणार नाही. मला कळलं पाहिजे."

"आकडा बघून तुम्ही काय करणार?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या सुरात टोमणा नव्हता.

"म्हणजे... लाल झाला तर तुम्हाला सांगणार."

"मी तिथेच असेन. हे बघा, आकडा म्हणजे अंदाज आहे. लाल झालेल्या बायकांतल्याही बऱ्याच जणी सुखरूप बाळंत झाल्या असत्या. कुठल्या, ते पट्ट्याला कळत नाही, म्हणून आपण थांबतो. मी आकडा बघते, बाळाचे ठोके बघते, हिच्या पोटाला हात लावते, हिला विचारते. सगळं मिळून ठरवते. आणि घरी पट्टा दिला होता तो हिचा नेहमीचा ताण समजावा म्हणून. पहारा द्यायला नव्हता दिला."

यशराज खाली बघत राहिला. "दिवसभर मी आकडेच बघतो, मॅडम. दाब वाढला तर झडप बंद करतो. ते मला जमतं. नुसतं उभं राहणं मला जमत नाही."

समृद्धीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माझं पण एक लिहायचं असलं तर चालतं का?" त्यानं शेवटी विचारलं.

"लिहा की."

"हिला झोपवायची वेळ आलीच, तर मला बाहेर काढू नका. मागच्या वेळी दार लावून घेतलं होतं. मी आत राहीन. कोपऱ्यात राहीन, पण आत."

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "भूलतज्ज्ञांशी बोलते. लिहा."

दोघांनी सही केली. बाहेर पडताना यशराजनं फोनवरची ती रेघ कायमची पुसली आणि फोन समृद्धीच्या हातात दिला, खरंच पुसली की नाही हे तिनं बघावं म्हणून. तिनं न बघता तो परत केला.

*

कळा सकाळी सुरू झाल्या. समृद्धीची मम्मी पाटणहून आधीच येऊन राहिली होती. जुईला तिच्यापाशी सोडून दोघं रुग्णालयात पोचले. निघताना मम्मी म्हणाली, "घाबरू नको. तुझ्या वेळी मी पूर्ण शुद्धीत होते, तरी मला काय आठवतं माहितीये? वरचा पंखा. त्याचं एक पातं वाकडं होतं."

समृद्धी कळ सोसता सोसता हसली. पण ते बोलणं तिला थोडं टोचलंही.

खोलीत ऊन येत होतं. पट्ट्याचा पडदा भिंतीकडे फिरवला होता, फक्त डॉक्टरांच्या बाजूनं दिसेल असा. समृद्धी फिरत होती, खिडकीच्या कठड्याला धरून वाकत होती, यशराजच्या गळ्यात हात टाकून लोंबकळत होती. दुपारपर्यंत कळा मोठ्या झाल्या. आता ती बोलेनाशी झाली. कळ आली की ती यशराजची बोटं चुरगाळायची, आणि कळ गेली की तिच्या कपाळावरचा घाम तो पुसायचा.

डॉक्टर आत आल्या, पडद्यासमोर उभ्या राहिल्या आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. यशराज त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. भिंतीकडे वळलेल्या त्या पडद्यापर्यंत दोन पावलं होती. त्याच्या दंडाचे स्नायू ताठ झालेले समृद्धीला जाणवले.

"यश," ती म्हणाली.

तो गेला नाही.

डॉक्टर पलंगाशी येऊन बसल्या. त्यांनी तिच्या ओटीपोटावर, जुन्या टाक्यांच्या जरा वर हात ठेवला. "समृद्धी, आकडा मी सांगत नाही. पण तुला विचारायची वेळ आलीये. शस्त्रक्रियेची खोली तयार ठेवली आहे. बाळाचे ठोके छान आहेत. आता मला खरं सांग. कळ गेल्यावर इथलं दुखणं पूर्ण जातं का? का मागे काही उरतं?"

समृद्धीला ओरडून सांगावंसं वाटलं की जातं, सगळं जातं, मला कुठेही नेऊ नका. पण तिनं डोळे मिटले. एक कळ येऊ दिली. ती चढत गेली, पाठीतून मांड्यांत उतरली, आणि ओसरली. व्रणाच्या जागी तिनं मन नेलं. अंधाऱ्या खोलीत हात लावून भिंत चाचपावी तसं चाचपलं. तिथं काही दुखत असतं तर तिनं सांगितलं असतं. स्वतःलाच तिनं तसा शब्द दिला होता.

"जातं," ती म्हणाली. "पाठ दुखतीये. तिथं काही नाही. आणि मॅडम... खाली जोर येतोय."

डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "मग थांबायचं कशाला? पुढच्या कळेला लाव जोर."

पुढचं सगळं समृद्धीला जोर, घाम आणि आवाज यांच्या सरमिसळीतच कळलं. आपल्या घशातून असा आवाज येऊ शकतो हे तिला माहीत नव्हतं. आपण फाटतोय असं एकदा वाटलं आणि ती म्हणाली, "नाही जमत." यशराज तिच्या कानाशी म्हणाला, "डोकं दिसतंय, समू. काळे केस आहेत." तो बाळाकडे बघत होता. त्याचे डोळे पडद्याकडे वळले नव्हते.

मग एकदम सगळं निसटलं, गरम आणि ओलं, आणि तिच्या छातीवर कुणीतरी वजन ठेवलं. मुलगी होती. आधी ती नुसती थरथरली. मग तोंड वाकडं करून मोठ्यानं रडली.

समृद्धीनं ऐकलं. पहिला श्वास आणि पहिलं रडणं, अगदी सुरुवातीपासून. तिनं त्या ओल्या डोक्यावर ओठ टेकले आणि तीही रडली. यशराज भिंतीला टेकून मटकन खाली बसला होता. नर्सनं त्याला साखरेचं पाणी दिलं.

*

ऊन खिडकीतून सरकलं. बाळ पोट भरून झोपलं. समृद्धी त्याच्याकडे बघत पडली होती. हवं ते सगळं मिळालं होतं. तरीही ती जुनी रिकामी जागा चाचपली तर ती तिथेच होती, तेवढीच. हिचं रडणं हिचंच होतं. जुईचं नव्हतं. ते भरून येईल असं तिनं इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. आज ते सोडून द्यावं लागलं. शेजारच्या बाळाला त्यातलं काही कळू नये म्हणून तिनं त्याची टोपी उगाच सारखी केली.

मम्मी जुईला घेऊन आली. जुई दारात थबकली आणि लांबूनच तिनं बाळ बघितलं.

"ये," समृद्धीनं हात पुढे केले. यशराजनं जुईला उचलून पलंगावर, आईच्या कुशीत ठेवलं. जुईनं बाळाच्या मुठीला एक बोट लावून बघितलं. बाळ कुरकुरलं.

"मी पण अशीच रडले होते?" जुईनं विचारलं.

समृद्धीनं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "मला नाही माहीत, पिल्लू. मी तेव्हा झोपले होते. औषध दिलं होतं ना. पप्पाला विचार, तो होता."

यशराज खिडकीशी उभा होता. त्यानं समृद्धीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती आणि नजर काढत नव्हती. तो येऊन पलंगाच्या कडेला बसला.

"तू आधी रडलीच नाहीस," तो जुईला म्हणाला. "मी दाराबाहेर होतो. आत सगळं शांत होतं. मला वाटलं, संपलं सगळं. मग आतून एक बारीक आवाज आला. रडणं नव्हतं ते. भांड्यावरचं झाकण वाफेनं वाजतं ना, तसा."

"तसा?" जुईला हसू आलं.

"अगदी तसा. मग दार उघडलं आणि तुला माझ्या हातात दिलं. थोडाच वेळ, दुसऱ्या दवाखान्याची गाडी येईपर्यंत. पण मी तुझ्याकडे बघतच नव्हतो. मी दाराकडे बघत होतो. तुझी मम्मी आत होती ना. मला नुसतं दारच दिसत होतं." समृद्धीच्या मम्मीनं हळूच तोंड फिरवलं. "आणि मग तू माझं बोट धरलंस. एवढ्याशा हातानं. इतकं घट्ट, की मला खाली बघावंच लागलं."

"मग?" जुई म्हणाली.

तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. पुढचं बोलणं त्याला जड जात होतं.

समृद्धीनं बाळाला अंगाशी घेतलं आणि थोडी त्याच्या बाजूला सरकली.

"सांग ना," ती म्हणाली. "मग?"